प्रश्नात उत्तर घालायचं नाही

अभ्रे बदलायला काढले होते. तीन उशा झाल्या, चौथी हातात होती, तेवढ्यात दार वाजलं. बघते तर वन्सं. भरदुपारच्या त्या कधी घरी नसतात. पिशवी खुर्चीवर टाकली, चपला न काढताच बसल्या आणि म्हणाल्या, "उत्तर आलं, वहिनी."

काय आलं ते मी विचारलं नाही. चेहरा सांगत होता.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. नवरा हृदयविकाराने गेला तेव्हापासून लेकीला घेऊन आमच्याकडेच राहतात. इथल्या मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात त्यांचं टेबल आहे. रोगी घरी गेला, किंवा घरी जायचा राहिलाच, की त्याची फाईल खाली वन्संकडे येते. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक दुखण्याला एक ठरलेला कोड असतो, एखादं अक्षर आणि पुढे आकडे. तो शोधून लावायचा, हे त्यांचं काम. "पोपट चावला यालासुद्धा कोड आहे, वहिनी," असं त्या हसत सांगायच्या. "आणि त्यातही पहिल्यांदा दाखवायला आला की पुन्हा आला, ते वेगळं."

या कामाचे नियम त्यांच्या अंगात मुरलेले. डॉक्टरांनी लिहिलं नाही ते लावायचं नाही, मग तपासणीचे कागद कितीही ओरडून सांगोत. अडलंच तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, पण प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही. घरातही तेच. मी विचारलं, "भाजीत मीठ जास्त झालंय का हो?" की लगेच, "असं विचारू नये. भाजी कशी झालीय, असं विचार."

"बरं बाई, कशी झालीय?" हे मध्येच विचारायचे.

"खारट."

सगळ्यात जास्त चिमणी हसायची. वन्संची लेक. उंचीनं दाराच्या चौकटीला लागायची, पण नाव चिमणी. बुटांच्या दुकानात कामाला होती. मला म्हणायची, "मामी, आईला विचारू नकोस मला काय झालंय म्हणून. ती म्हणेल, डॉक्टरांचा कागद कुठाय?"

गल्लीत घरोघरी खोकला सुरू होता तेव्हा तिलाही ताप आला. ताप उतरला न उतरला तोच कामावर जायची घाई. सकाळी जिन्यात अर्ध्यावर कठडा धरून थांबली. "मामी, काळीज बघ कसं उडतंय." ओठही मला पांढरे दिसले. मी आणि वन्सं दोघी तिथेच होतो. वन्संनी तिला त्या पावली कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी ताप विचारला, घसा बघितला, आणि शेवटी म्हणाले, "आणखी काही होतंय?"

चिमणी म्हणाली, "नाही." तिला सुट्टी वाढवायची नव्हती.

वन्सं शेजारच्या खुर्चीत होत्या. बोलल्या नाहीत. दुखणं ज्याचं त्यानं सांगायचं, डॉक्टरांनी लिहायचं, आपण मध्ये शब्द घालायचा नाही. उभा जन्म ज्या सवयीवर गेला ती तिथे आडवी आली. कागदावर आलं, फ्लू, विश्रांती. दुसऱ्या दिवशी ऐकेना, दुकानात गेली आणि बुटांच्या खोक्यांमध्येच कोसळली. आईच्याच रुग्णालयात नेलं. हृदय काही केल्या पुन्हा चालू होईना, आणि ती गेली.

त्यानंतर वन्सं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायच्या. "बापाचं काळीज घेऊन आली होती हो. जन्मापासूनचं. कुणाच्या हातात नव्हतं." मीही मान डोलवायची. बुडत्याला काडीचा आधार, ती काडी मी कशाला ओढू?

मग चिमणीची फाईल तळघरात आली. वरिष्ठ बाईंनी ती वन्संच्या टेबलावर येऊच दिली नाही, शेजारच्या मुलीला दिली. अखंड बडबडते म्हणून तिला सगळे मैना म्हणतात. ती चार दिवस फाईल घेऊन बसली आणि मग हळूच वन्संजवळ आली.

"ताई, फ्लू तपासणीत निघालाय, डॉक्टरांनी तो लिहिलाही आहे. पण पुढे नुसतं 'हृदय बंद पडलं'. स्नायूंना सूज होती असं तपासण्यांवरून वाटतं, पण तसं त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. विचारू, की आहे तशी मिटवू? मिटवली तर कुणी काही म्हणणार नाही."

मिटवली असती तर ती काडी हातात राहिली असती. वन्सं म्हणाल्या, "विचार."

मैनेनं प्रश्न लिहून दाखवला, हृदयाला सूज फ्लूमुळे आली होती का? वन्संनी तो खोडला. "असा विचारतात होय? इतकी वर्षं काय शिकवलं तुला?" आणि स्वतः सांगितला. हृदय बंद पडण्याचं आपल्या मते कारण काय, ते नोंदवावं. ठरवता येत नसल्यास तसं लिहावं.

त्या शेवटच्या वाक्यावर त्यांचा जीव टांगलेला होता. उत्तर यायला चार दिवस लागले. मी रोज देवापुढे बसायची तेव्हा तेवढंच मागायची, ठरवता येत नाही असं लिहू दे रे बाबा.

आज उत्तर आलं. फ्लूमुळे हृदयाच्या स्नायूंना सूज.

"दोन्हीला मिळून एकच कोड आहे, वहिनी," वन्सं जमिनीकडे बघत म्हणाल्या. "फ्लू वेगळा, काळीज वेगळं, असं नाहीच. मैनेनं लावला. एक शब्द बोलली नाही पोरगी, नुसता चहा आणून ठेवला."

मला राहवलं नाही. "वन्सं, तुम्ही सांगितलं असतंत तरी काय झालं असतं कुणास ठाऊक. देवाच्या मनात—"

"देवाच्या तोंडी शब्द घालू नकोस, वहिनी."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो उठून बंद करवेना.

मग त्याच बोलल्या. "डॉक्टरांनी विचारलं होतं गं. आणखी काही होतंय? इतका नीट प्रश्न होता. उत्तर सुचवलेलं नव्हतं त्यात." पायातल्या चपला काढायला वाकल्या. "मीसुद्धा तसाच लिहिला असता."

रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला काही करता आलं असतं. चौथी उशी माझ्या मांडीवर तशीच होती, ती चिमणीची. तिचा जुना अभ्रा काढू की राहू देऊ, तेही विचारायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी देवापुढे बसले. हात जोडले, पण मागायला काही उरलेलं नव्हतं, तशीच उठले.

उद्या सकाळी वन्संना बुटांच्या दुकानात जायचं आहे, चिमणीच्या खणाची किल्ली परत द्यायला.