चौकातला मुरूम

दुपारची जेवणं झाली आहेत. मी खाटेवर पडले आहे, पण डोळा लागत नाही, कारण डोक्यात उद्याची प्रार्थना घोळते आहे. उद्या सव्वीस जानेवारी. सकाळची उपासना आटोपली की आमची ख्रिस्ती मंडळी देवळातून निघून गावच्या चौकात, झेंड्यापाशी जाते आणि देशासाठी प्रार्थना करते. आमच्या आज्यांच्या वेळेपासूनचा हा रिवाज. यंदा सरपंच रंगनाथ ढोकणे यांचा निरोप आला, "प्रार्थना तुमच्या देवळात करा, चौक सगळ्यांचा आहे." पाळकसाहेब म्हणाले, "राहू द्या, कशाला वाद." मी म्हटलं, "प्रार्थना मी चालवीन, आणि चौकातच." आज संध्याकाळी मंडळी काय ते ठरवणार आहे.

माझे शब्द तयार आहेत. 'हे प्रभू, आमच्या सरपंचांना सद्बुद्धी दे.' असं खणखणीत म्हणायचं, की पारावर बसलेल्यांनाही ऐकू जावं. झोंबू दे चांगलं.

पापण्या जड होतात. पायथ्याशी कुणीतरी वाटाणे सोलतं आहे.

रूथआत्या. तिला माती देऊन वर्षं लोटली. ती होती तोवर चौकातली प्रार्थना तीच चालवायची. तिच्या पांढऱ्या लुगड्याला अजून निळीचा वास येतो आणि मला रडूच फुटतं.

"सलाम, आत्या."

"सलाम. रडू नगं. म्हन बघू उद्याची प्रार्थना."

मी म्हणते. सद्बुद्धीपाशी येते तशी ती हातातली शेंग खाली ठेवते.

"एस्तेर, हे देवाला सांगतीस का रंगनाथला?"

मेली तरी हिची जीभ काही मऊ झाली नाही. "सगळेच तसं करतात," मी म्हणते. खोटं नाही ते. आमच्या वस्तीतली निम्मी भांडणं प्रार्थनेतच होतात. डोळे मिटायचे आणि शेजारणीला काय काय सुनवायचं ते देवाच्या नावावर सुनवायचं. वर आमेनही तिनंच म्हणायचं.

खाट आता देवळातला बाक आहे आणि बाक ग्रामपंचायतीच्या कचेरीत आहे. वेदीच्या जागी सरपंचांची खुर्ची, रिकामी. वर पंखा फिरतो आहे. आत्या वाटाणे सोलतेच आहे.

"म्हणजे जाऊच नको म्हणतेस?"

"तसं कवा म्हनले? चौक सगळ्यांचा हाय, मंग आपला न्हाई व्हय? जायाचंच. पर भांडाया जायाचं असंल तर उघड्या डोळ्यानं जा. डोळे मिटून भांडू नगं." ती माझ्याकडे बघते. "देशासाठी मागायचं म्हंजी कुनासाठी गं? रंगनाथच्या आईचं नाव काय?"

"भागीरथीबाई."

"तिला दिसंना झालंय. तिच्यासाठी कवा मागितलंस?"

रागानं माझे कान तापतात, कारण ती बरोबर बोलते आहे.

आम्ही चौकात उभ्या आहोत. खांबावर झेंडा अजून गुंडाळलेला. कुणीही नाही, पण सगळी दारं उघडी आहेत. आत्या सरळ मुरुमावर गुडघे टेकते.

"टेक तू बी. उभ्यानं मागताना लई ताठा येतो."

मी टेकते. मुरूम चांगलाच रुततो. दिल्लीत बसलेल्यांसाठी मागते, मुंबईत बसलेल्यांसाठी मागते, ते सोपं जातं. मग रंगनाथच्या नावापाशी येते आणि पुन्हा दिल्लीपासून सुरू करते. आत्या थांबून राहते. तिला कसलीच घाई नाही.

"प्रभू, रंगनाथ ढोकणेला बळ दे," मी शेवटी म्हणते. "त्याच्या आईचे डोळे बरे कर. या गावावर तुझा हात असू दे." आणि नवल म्हणजे, हे मी खरोखरच मागते आहे.

"आता आमेन म्हन," आत्या म्हणते.

मी तोंड उघडते आणि देवळाची घंटा वाजते.

खोलीत उन्हं कलली आहेत. मंडळी जमायला लागली असणार. मी खाटेवरच आहे, सकाळी घातलेली धुतलेली चादर तशीच आहे. उठताना गुडघे ठणकतात. लुगडं जरा वर करून बघते, तर दोन्ही गुडघ्यांवर तांबडा मुरूम, कातडीत रुतून बसलेला.

मी तो झाडत नाही. तशीच चपला घालून देवळाकडे निघते. चौकातच जायचं आणि गुडघे टेकायचे, हे मंडळीला सांगायचं आहे. माझं आमेन अजून बाकी आहे, ते मी उद्या तिथंच म्हणणार.