झाकण लावलेली दुर्बीण

आमच्या घरात तारे काढण्याचा नियम एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या भावाचा, अण्णांचा. डोळ्याला दिसलं नाही ते कागदावर यायचं नाही. उणकलच्या घराच्या गच्चीवर दुर्बीण लावायची, टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळायचा आणि एकाच तारकागुच्छाचं चित्र दोघांनी आळीपाळीनं काढायचं. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून मी टॉर्चसमोर धरायचे आणि फरक मोठ्यानं सांगायचे. माझा एखादा ठिपका जास्तीचा निघाला की अण्णा कागद टराटरा फाडत, पाहुण्यांसमोरसुद्धा. मी चाळिशी ओलांडली, विद्यानगरच्या कॉलेजात शिकवायला लागले, तरी फाडत.

गेल्या वर्षभरात त्यांचा मात्र एकही ठिपका चुकेना. हवा धुरकट असो की आभाळात चंद्र असो, पुष्य नक्षत्रातल्या गुच्छाचे तारे जागच्या जागी. माझी खात्रीच पटली, म्हातारा जुनी चित्रं पाठ करून बसतो. आणि कागद फाडायचे माझे! त्यांचं पितळ उघडं पाडायचं मी ठरवलं, आणि ठरवल्यापासून मला मजा वाटू लागली, हेही सांगते.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी शेजारचं जोडपं तारे बघायला वर आलं. अण्णा स्टुलावर बसेपर्यंत मी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण चढवलं आणि शेजाऱ्यांना डोळ्यानं खुणावलं. अण्णांनी डोळा लावला. बराच वेळ ते हलले नाहीत.

मग म्हणाले, "आज हवा छान आहे की!" आणि पेन्सिल चालू लागली. मोठे ठिपके आधी, बारीक मागून. शेजारीणबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मी शेवटच्या ठिपक्यापर्यंत थांबले.

"अण्णा, झाकण लावलेलं आहे. काय बघितलंत एवढं?"

"अय्यो, सिक्किबिद्रि! सापडलात की हो अण्णा!" शेजारी मोठ्यानं हसला.

अण्णांनी पुढे वाकून नळीचं तोंड चाचपलं. आता चिडतील, असं मला वाटलं. ते तर सुटल्यासारखे हसले. "झाकण होय गं? मला वाटलं, आज गेलेच डोळे. वर्षभर दुर्बिणीत नुसता धूसर उजेड दिसायचा. आज तोही नव्हता."

शेजाऱ्याचं हसू थांबलं. मला दया आली नाही, आधी रागच आला. सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक होतं. त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली असती.

मी झाकण काढलं, दुर्बीण नीट गुच्छावर आणली. अण्णांनी पुन्हा डोळा लावला.

"काढ की गं झाकण," अण्णा म्हणाले.

"काढलंय," मी म्हणाले. खोटं बोलावं, एवढंही मला सुचलं नाही.