आठ इंचांत मावलेली दीर्घिका

तुमसरच्या राइस मिलमध्ये तांदूळ घासायच्या यंत्रातले दगड झिजले, की त्यांच्यावर एमरीच्या, म्हणजे घासायच्या खरखरीत भुकटीच्या, मिश्रणाचा नवा थर चढवायचा आणि तो तासून गोल करायचा, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. घासून एखादी वस्तू गोल करण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. त्यामुळे दुर्बिणीचा आरसा घरीही घासून बनवता येतो, हे मोबाइलवर वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. हे तर आपलंच काम, असं वाटलं.

मला एकच गोष्ट पाहायची होती. तिमिंगल नावाच्या तारकासमूहात आपल्या आकाशगंगेसारखी एक सर्पिल दीर्घिका आहे. तिचं केंद्र शांत नाही. मधोमध प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्याच्याकडे खेचला जाणारा वायू इतका तापतो, की तेवढाच इवलासा भाग साऱ्या दीर्घिकेत उठून दिसतो. त्याच्याच भोवती, वळत गेलेल्या बाहूंमध्ये, नवे तारे जन्माला येत असतात. गिळणं आणि जन्मणं एकाच घरात चाललेलं, हे वाचून मी हरखून गेलो. आज दिसतो तो तिचा उजेड कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला. तो मी घासलेल्या काचेवर पडावा आणि माझ्या डोळ्यात यावा, एवढंच हवं होतं. दुसऱ्याची दुर्बीण मला नको होती.

मिलमधले हसले. "भाऊ, इथं कोंड्याच्या धुळीत चंद्र धड दिसत नाही, आन् तू काय पाहून राहिला?" एक जण म्हणाला. मी राहतो आंबागडला, गडाच्या पायथ्याशी, आणि तिथं अंधार अजून शिल्लक आहे. पण समजावून सांगण्याइतका धीर माझ्यात नाही. दोन शब्द सुनावून मोकळा झालो.

घरामागे ड्रमवर आठ इंची काच ठेवली, तिच्यावर दुसरी, मध्ये एमरी आणि पाणी. ड्रमाभोवती फिरत घासत राहायचं, म्हणजे वरची काच हळूहळू खोलगट होते. महिनोन्‌महिने घासलं. शेवटी राळेच्या थरावर पॉलिश केलं, काच झगमगली आणि मी थांबलो. इथंच गाढवपणा झाला. मिलमध्ये तांदळाला चमक आली की यंत्र थांबवायचं, नाहीतर दाणा तुटतो. हाताला तीच सवय. आकार न तपासता मी आरसा ॲल्युमिनियमचा मुलामा द्यायला नागपूरला धाडला, आल्यावर नळीत बसवला, आणि पहिल्याच ताऱ्याला शेपूट फुटलेलं दिसलं.

बायको मागे उभी होती. ती त्याच मिलमध्ये नमुन्याचा तांदूळ पाहते. मूठभर तांदूळ तळहातावर पसरून अख्खा दाणा किती आणि तुटलेली कणी किती ते सांगते, आणि व्यापारी तिचा शब्द मानतात. एकदा गिऱ्हाइकासमोर मालकाच्या तोंडावर "यात कणी जास्त हाये" म्हणाली होती. कोणाचं मन राखायला ती काही बोलत नाही. संसारात मला याचा बराच त्रास झाला आहे.

"चमक पाहून माल पास केला तुमी," ती म्हणाली. "आकार पाह्यला का?"

माझं डोकं सटकलं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुलामा काढून पुन्हा घासायला घेतलं. दाढीचं पातं आणि बल्बचा बारीक उजेड वापरून आरशावरच्या सावल्या वाचायला, त्यांवरून आकार कुठं चुकला ते ओळखायला शिकलो. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. धान कापून झालं, बांध्यांमध्ये पेंढ्या रचून पुंजणे उभे राहिले, तेव्हा आरसा दुसऱ्यांदा नागपूरहून आला.

डिसेंबरात तीन संध्याकाळी मी ती दीर्घिका शोधली आणि मला ती दिसली. पण दिसली, की दिसावीशी वाटली? वर्षभर जिचा फोटो उशाशी घेऊन झोपलो, ती डोळ्याला कुठंही दिसेल. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही, आणि माझ्यासारख्या माणसाची ही फार वाईट अवस्था. मग ठरवलं, बायकोला दाखवायचं. तिनं फोटो कधी पाहिला नव्हता. काय दिसायला हवं, तेही सांगायचं नाही. तिला काहीच दिसलं नाही तर नळी भंगारात टाकायची आणि आरसा दाढीला घ्यायचा.

चौथ्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर अंगणातला दिवा बंद केला. ती स्टुलावर बसली. मी तोंड मिटून उभा राहिलो, जे मला कधी जमत नाही.

"काहीच नाही," ती म्हणाली.

मी नळी सरकवायला हात घातला.

"थांबा, हालवू नोका." बराच वेळ ती वाकून बसली. "हाये. राखेचं बोट लागल्यावानी पुसट हाये. मधात बारीक टिंब हाये, ते जास्त उजळ."

"अजून?" मी विचारलं.

"एक लहानसा तारा हाये, अगदी चिकटून. वर, उजव्या हाताले."

तारा? मी मोबाइल काढला. हजारदा पाहिलेला फोटो. दीर्घिकेच्या कडेला खरंच एक तारा होता. बाहू पाहण्याच्या नादात माझं त्याच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. पण तो होता खाली, डावीकडे.

"तुले चुकीचं दिसलं," मी म्हणालो. "हा खाली हाये. डावीकडे."

"मले वर दिसला."

"फोटो खोटा नसते."

"मंग मी कायले खोटं बोलू?"

खरंच, ती कशाला खोटं बोलेल? मालकासाठी बोलली नाही, माझ्यासाठी तर नाहीच नाही. मी गप्प झालो, आणि गप्प झालो म्हणून आठवलं. या नळीतून सगळं उलटं दिसतं. दिवसा गड पाहिला तेव्हा तोही डोक्यावर उभा होता. मी मोबाइल उलटा धरला. तारा वर गेला, उजवीकडे. तिनं सांगितला तिथंच.

जे मला ठाऊक नव्हतं, ते तिनं माझ्या आरशात पाहिलं होतं. म्हणजे तो उजेड खरंच आला होता, मी घासलेल्या काचेवर पडला होता, आणि जागच्या जागी पडला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी तिला तेव्हाच सांगून टाकलं.

तिनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ती उठून कुंपणापाशी गेली होती आणि पलीकडच्या घरातल्या थोरल्या जावेला हाक मारत होती.

"जाऊबाई, या इकडे. यायनं घासलेला आरसा चांगला हाये. मी पाहून सांगून राहिली."