वन्सं ट्रेलर घेतात

आमच्या वन्संनी जन्मात एकही वस्तू पहिल्या खेपेला पसंत केलेली नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण; वय एकोणऐंशी, मुक्काम कॅनडातलं विंडसर, पेशाने भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर शांतपणे सांगतात, "अजून बघतेय." टोस्टर घ्यायला त्यांना अकरा महिने लागले. तेवढे महिने त्या ब्रेड तव्यावर भाजत होत्या, आणि अखेर टोस्टर घरात आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला तव्यावरचाच जास्त आवडतो. तो टोस्टर आता आमच्या वॉटर्लूच्या स्वयंपाकघरात आहे. सोफा घ्यायचा होता तेव्हा त्या ओळीने चार शनिवार दुकानात जाऊन एकाच सोफ्यावर पाऊण पाऊण तास पेपर वाचत बसल्या. दुसऱ्या शनिवारी मॅनेजर हटकायला आला, तिसऱ्या शनिवारी त्याने कॉफी आणून दिली आणि चौथ्या शनिवारी तो शेजारी बसून शब्दकोडं सोडवू लागला. सोफा त्यांनी दुसऱ्याच दुकानातून घेतला, पण त्या मॅनेजरचं नाताळचं कार्ड अजून येतं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे एकच प्रश्न तीनदा विचारणं. ही हॉस्पिटलमधून आलेली. ऑपरेशनच्या आधी पेशंटला शेवटचं कधी खाल्लं ते विचारावं लागतं, आणि वन्संच्या मते माणूस पहिल्या वेळी नर्सला सांगितलेलंच पुन्हा सांगतो, दुसऱ्या वेळी बायकोला सांगितलेलं सांगतो आणि तिसऱ्या वेळी खरं सांगतो. एका गणपतीत त्यांनी मला मोदकाची पारी घरची का, असं विचारलं. मी हो म्हटलं. आरतीनंतर पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. पानावर बसल्यावर तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी कबूल करून टाकलं की मोदक इंडियन ग्रोसरीच्या फ्रीझरमधले आहेत. त्यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता आणखी दोन वाढून घेतले.

गणपतीला त्या विंडसरहून पावणेतीन तास गाडी चालवत यायच्या आणि त्याच दिवशी उजेड असेपर्यंत परत जायच्या. तीस वर्षं. गेस्ट रूममध्ये मी दर वर्षी नवी चादर घालायची आणि दर वर्षी ती तशीच काढायची. दुसऱ्याच्या घरी मला झोप लागत नाही, एवढंच त्या सांगायच्या. हॉटेलबद्दल तर बोलायलाच नको. तिथली उशी आधी कुणी वापरली हे विचारायला तीनदा काय, एकदाही कुणी समोर नसतं. त्यामुळे अख्खा देश पुढ्यात असून त्यांनी फारसा पाहिलाच नव्हता. मग पंच्याहत्तरी झाल्यावर त्यांनी फोन करून जाहीर केलं की आपण एक ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेणार; आपला बिछाना गाडीला अडकवून बरोबरच न्यायचा. यांनी फोनवर बहिणीला बरंच समजावलं. वन्संनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शुभदाला फोन दे." शुभदा म्हणजे मी. आमच्या लेकीने तर "आत्या इज बीइंग आत्या" म्हणून खांदे उडवले आणि ती वरच्या खोलीत निघून गेली.

तर पहिल्याच हिवाळ्यात टोरोंटोजवळ ट्रेलरचं एक प्रदर्शन होतं. तिथे वन्सं एका ट्रेलरसमोर थांबल्या आणि बराच वेळ तिथून हलल्याच नाहीत. जुन्या काळच्या घाटणीचा, पण कोरा करकरीत. वरचा अर्धा भाग सायीच्या रंगाचा, खालचा पुदिन्याच्या चटणीसारखा, सगळे कोपरे गोल, मागे आरशासारखा चकचकीत बंपर. आत काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी आणि लाल गुबगुबीत बाकं. वन्सं आत गेल्या आणि बाकावर बसल्या. पर्समध्ये पेपर होता, पण तो त्यांनी काढला नाही. मग किंमत विचारली. एकदाच. पूर्वी विंडसरमध्ये तेवढ्यात घर यायचं. वन्सं उठल्या, बाकावरची आपल्या कोटाची सुरकुती हाताने सारखी केली आणि बाहेर आल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "याच्यासारखाच, पण आपल्याला झेपेल असा शोधायचा." यातल्या 'आपल्याला'मध्ये मी कधी शिरले ते मला कळलंच नाही.

पुढचे तीन हिवाळे आणि मधले दोन उन्हाळे आम्ही शोधत होतो. वन्सं कापडी पिशवीत पाच लिटरचा कुकर आणि लाटणं घेऊन निघायच्या. प्रत्येक ट्रेलरमध्ये शिरून आधी कुकर शेगडीवर ठेवायचा आणि शिटी वरच्या कपाटाला लागते का ते बघायचं. मग ओट्याशी उभं राहून हवेत लाटणं फिरवायचं, कोपर कुठे आपटतं का याचा अंदाज घ्यायला. सेल्समन दारात उभे राहून हे पाहायचे. एकाने मला हळूच विचारलं की हा काही धार्मिक विधी आहे का. मी हो म्हटलं, ते सोपं होतं. शेवटी वॉशरूममध्ये जाऊन, दार लावून त्या पाच मिनिटं बसून यायच्या आणि एवढ्याशा जागेत माणूस चिडेल की नाही, यावर मत द्यायच्या.

घडीचा तंबूवाला ट्रेलर सर्वांत स्वस्त होता. तो उभा करायला आम्हाला दोघींना अर्धा तास लागला आणि मिटताना माझी ओढणी आत राहिली. या वयात मी कोसळले तर समजण्यासारखं आहे, घराने कोसळू नये, असं म्हणून वन्संनी तो बाद केला. नंतर पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा एक इवलासा ट्रेलर पाहिला. आत फक्त गादी; स्वयंपाक मागचं झाकण उघडून बाहेर उभं राहून करायचा. वन्सं आत आडव्या झाल्या, छताकडे पाहत राहिल्या आणि आतूनच म्हणाल्या की एमआरआयच्या मशीनमध्ये निदान मागून कुणी तरी बोलत असतं. मग एक लांबलचक पांढरा खोका पाहिला, किमतीला खरोखर बरा. त्यात आठ माणसं झोपतात असं सेल्समनने अभिमानाने सांगितलं. वन्संनी त्याला समजावलं की आपल्याला आठ माणसं आवडत नाहीत. शिवाय त्यांच्या गाडीला तो ओढवलाच नसता. शेवटी तर त्या पुदिन्याच्या ट्रेलरची हुबेहूब नक्कल सापडली, निम्म्या किमतीत. मला वाटलं सुटले. पण वन्संनी खाली वाकून फरशीच्या एका चौकटीला नख लावलं आणि ती चौकट स्टिकरसारखी उचलली गेली. सेल्समनने बुटाने ती पुन्हा दाबून बसवली. छत गळतं का, हे वन्संनी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, मागच्या पावसात एकदा, पण अगदी थोडं.

हे सगळं गमतीचं होतं, पण मला आतून घाई व्हायला लागली होती. ऐंशी झाली की इथे दर दोन वर्षांनी डोळे तपासूनच लायसन्स रिन्यू करतात, आणि वन्संना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. मी एकदा तसं सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला मोजता येतं, शुभदा."

मागच्या वर्षी वसंतात चॅटमच्या बाजूच्या एका खेड्यातली जाहिरात त्यांना मिळाली. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा आपला ट्रेलर विकत होता. आम्ही पोचलो तर तो अंगणातच खुर्ची टाकून वाट पाहत बसलेला. ट्रेलर फायबरग्लासचा, अंड्यासारखा गोल, पन्नास वर्षांपूर्वी इथेच कॅनडात बनलेला, आणि कधीकाळी पिवळा. पुदिन्याच्या ट्रेलरने ज्या जुनेपणाची नक्कल केली होती, तो हा खरा जुना; म्हणून बहुधा इतका स्वस्त. वन्संनी एक प्रदक्षिणा घातली आणि ठरलेला प्रश्न विचारला. छत गळतं का?

म्हातारा उठला. हो म्हणाला. इथे गळतं, असं म्हणून त्याने वरच्या झरोक्याकडे बोट दाखवलं. या खिडकीतूनही गळतं, पण वारा पश्चिमेचा असेल तरच. दोनदा बुजवलंय, पुन्हा गळेल. फ्रिज चालत नाही, माझी बायको त्यात लोकर ठेवायची. ती आता म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये आहे, तिला हा ट्रेलर आठवत नाही, म्हणून विकतोय. एवढं बोलून तो परत खुर्चीत बसला.

वन्संनी दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विचारायला काही उरलंच नव्हतं. पन्नास वर्षांच्या सवयीचं काय करावं हे न कळून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घेते मी." कुकर गाडीतच राहिला होता. लाटणंही. नंतर कळलं की शिटी कपाटाला लागतेच, आणि चांगली चार बोटं जागा कमी पडते. वन्संनी घाई केल्याचा तो एकमेव पुरावा असल्यामुळे मी त्या कपाटाला कुणाला हात लावू देत नाही. आम्ही वरणभात बाहेरच्या टेबलावर शिजवतो.

गेल्या गणपतीला वन्सं आमच्याकडे राहिल्या. म्हणजे आमच्या ड्राइव्हवेवर राहिल्या. विंडसरहून ट्रेलर ओढत आल्या आणि दाराशी लावून चार दिवस मुक्काम केला. सकाळी सातला ट्रेलरचं दार उघडायचं, गाऊनमधल्या वन्सं आठ पावलं चालून आमची बेल वाजवायच्या आणि चहाला आले म्हणायच्या. झोप लागली का, असं यांनी विचारलं तर त्या म्हणाल्या, "अरे, न लागायला काय झालं, मी घरीच तर होते." तिसऱ्या दिवशी हेच एक उशी घेऊन गप्पा मारायला ट्रेलरमध्ये गेले आणि भर दुपारी तिथे घोरताना सापडले. लहानपणी ताईच्या खोलीत अशीच झोप लागायची म्हणे. तीस वर्षांत ही बहीणभावंडं एका छपराखाली आडवी झालेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि त्या छपरातून तेव्हा एका वाटीत थेंब थेंब पाणी पडत होतं.

त्याच महिन्याच्या शेवटी आम्ही दोघी ह्यूरन सरोवराच्या काठी कॅम्पिंगला गेलो. दुसऱ्या सकाळी आमच्या शेजारी येऊन उभा राहिला तो तस्साच पुदिन्याचा ट्रेलर. त्याचं मालक जोडपं तरुण होतं, आणि ते आमच्याच अंड्याच्या प्रेमात पडलं. नवरा म्हणाला, आजीआजोबांकडे असाच होता. वन्संनी त्यांना आत नेऊन गळक्या जागांसकट सगळं दाखवलं. मग त्या दोघांनी आग्रहाने वन्संना आपल्या ट्रेलरमध्ये नेलं. मी बाहेर पोहे परतत होते. मला वाटलं, आता वन्सं परत येतील आणि फरशीला नख लावून पाहिल्याचं सांगतील. त्या आल्या, खुर्चीवर बसल्या, पोह्यांची बशी हातात घेतली आणि म्हणाल्या, "छान आहे गं. खरंच छान आहे."

जरा वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं की या देशात नवीन होत्या तेव्हा हॉस्पिटलच्या पिकनिकला अशाच एका तळ्यावर गेल्या होत्या. तिथे एक असाच गोल ट्रेलर होता, दारात पडदा, आतून कसला तरी खमंग वास. सगळे आत जाऊन बघून येत होते. वन्संना कुणी बोलावलं नाही. मुद्दाम नव्हे, राहून गेलं. "मीही विचारलं नाही," वन्सं म्हणाल्या. "एकदासुद्धा." आणि पोह्यांवर लिंबू पिळून घेतलं.

या शरद ऋतूत वन्संना ऐंशी पूर्ण होतील. डाव्या डोळ्याला मधोमध धुरकट दिसतं, आणि त्याला काय म्हणतात हे डॉक्टरला डॉक्टरने सांगायला लागत नाही. त्यांनी ते मला फोनवर सांगितलं, रडगाणं नाही, आणि लगेच म्हणाल्या की ट्रेलर मागे घ्यायला तू शिकून घे. म्हणून हल्ली रविवारी सकाळी आम्ही विंडसरच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये असतो. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि हे माझ्या डोक्यात शिरायला तयार नाही. वन्सं नारिंगी जाकीट घालून मागे उभ्या राहतात आणि हात हलवतात, जसे त्या ऑपरेशन थिएटरमध्ये हलवत असतील, लहान आणि स्पष्ट खुणांनी. नियम एकच आहे, मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की थांबायचं. परवा मी जरा जास्तच वळवलं. आरशातून आधी नारिंगी जाकीट गेलं, मग हात गेला. मी ब्रेक दाबला, काच खाली केली आणि कान देऊन बसले. काही वेळ नुसता वारा होता. मग मागून कुठून तरी आवाज आला, "अगं आहे मी. ये मागे. सावकाश ये."