बंगळूरची हवा

बेल वाजली तशा श्यामलाताई आधी फ्रिजकडे धावल्या. इंजेक्शनचा डबा दह्याच्या पातेल्यामागे सरकवला आणि मग दार उघडलं. दारात लेकीच्या, शेफालीच्या होणाऱ्या सासूबाई. कर्वेनगरच्या आनंदीताई.

"कात्रजला आलेच होते, म्हटलं डोकावून जावं. फोन न करता आले, चालेल ना?"

"अहो, या ना!"

शेफाली भिंतीला धरत बाहेर आली. तीन दिवस तिला इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. या औषधानं हाडांच्या मगजातल्या, म्हणजे बोन मॅरोतल्या मूळ पेशी झपाट्यानं वाढतात, रक्तात उतरतात. मग हाताच्या शिरेतून त्या वेगळ्या काढून तिच्या भावाला, साईनाथला द्यायच्या. त्याच्या मगजात रक्त धड बनतच नव्हतं. तो दवाखान्यात वेगळ्या खोलीत होता. मगज असा जोमानं कामाला लागला की कंबर, मांड्या ठणकतात, हेही डॉक्टर म्हणाले होते.

श्यामलाताईंना मात्र निराळीच धास्ती. साखरपुडा तोंडावर आलेला. घरात रक्ताचा आजार आहे हे कळलं तर?

"काय गं, लंगडतेस का?"

"स्कूटरवरून पडली," श्यामलाताईच बोलल्या.

"आणि साईनाथ दिसत नाही?"

"तो बंगळूरला गेलाय. कंपनीचं काम."

शेफालीनं आईकडे पाहिलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साईनाथचा व्हिडिओ कॉल. श्यामलाताई तो कट करायला पुढे झाल्या, पण शेफालीनं आधी उचलला. तुळतुळीत डोकं, तोंडाला मास्क.

"काय गं, फॅक्टरी चालू आहे का माझी?"

"ओव्हरटाइम करतेय, दादा."

आनंदीताई पुढे वाकल्या. "काय साईनाथ, बंगळूरची हवा काय म्हणतेय?"

त्याची नजर आईवर गेली. मग तो म्हणाला, "हवा छान आहे, काकू. केस तेवढे गळतात."

श्यामलाताईंची कानशिलं तापली. त्यांनी लपवलेला मुलगा तिथून त्यांचीच लाज राखत होता.

"तो पुण्यातच आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "दवाखान्यात. आणि ही पडलेली नाही. परवा हिच्याच पेशी त्याला द्यायच्यात. मी खोटं बोलले."

आनंदीताईंनी शेफालीकडे पाहिलं. "मग तिला उभं कशाला ठेवलंय? बसू द्या की."

शेफाली बसली. फोन तिनं आईसमोर धरला.

"आई, बोल ना," साईनाथ म्हणत होता.

श्यामलाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मान काही वर होईना.