तुम्म पोग

मला तेलुगू येतं, असा माझा लग्नाआधीपासूनचा समज होता. आदिलाबादच्या बाजारात मी भाजी तेलुगूतच घ्यायची. (भाजीवाली हिंदीत उत्तर द्यायची, ते सोडा.)

आमच्या ह्यांना बोथजवळच्या शाळेत मास्तरकी लागली. घराण्यातली पहिली नोकरी. सासऱ्यांनी हौसेने जैनथच्या एका चप्पल शिवणाऱ्या तेलुगू म्हाताऱ्याकडून बकरीच्या कातड्याची पिशवी शिवून आणली. पिशवी मजबूत, पण पांढरीफटक, जशी आजारातून उठलेली. ती घेऊन पहिल्या दिवशी वर्गात जायची ह्यांना लाज वाटू लागली. म्हाताऱ्याने सांगितलं होतं, घरीच धूर द्या, मधासारखा रंग चढेल. धूर कशाचा? तर "तुम्म पोग".

पोग म्हणजे धूर, हे सगळ्यांना ठाऊक. तुम्म कोणालाच कळेना. सासरे विचारायला परत निघाले, तर मीच अडवलं.

"काऊन जाता मामाजी? तुम्मू म्हंजे शिंक. शिंका येतीन असा धूर पायजे."

अंगणात खड्डा केला, गोवऱ्या पेटवल्या, वर पिशवी टांगून टोपलं पालथं घातलं आणि निखाऱ्यावर पसाभर लाल मिरच्या टाकल्या. पहिली शिंक सासऱ्यांना आली. मी खूश. दुसरी म्हशीला. सासूबाई खोकत बाहेर आल्या. मिरचीचा ठसका लागला म्हणजे दृष्ट नाही, असं मानणारी बाई.

"येवढा ठसका? म्हंजे माह्या लेकावर जळनारं गावात कोनीच नाही?" तिला वाईटच वाटलं.

रंग पक्का व्हावा म्हणून मी आणखी पसाभर टाकल्या. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. संध्याकाळी पिशवी निघाली ती खरंच मधाच्या रंगाची. सासरे डोळे पुसत म्हणाले, सून हुशार आहे.

सोमवारी ह्यांनी वर्गात पिशवी उघडून हजेरीबुक काढलं. पहिली रांग शिंकली, मग दुसरी, मग हे स्वतः. आवाज ऐकून तेलुगू हेडमास्तर आले, तेही शिंकले. पहिल्याच दिवशी नोकरी जाते, या भीतीने ह्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. हेडमास्तर हसून हसून खुर्चीत बसले.

"अहो मास्तर, तुम्म म्हणजे बाभूळ. बाभळीची साल जाळायची असते."

नोकरी वाचली. पण पोरांनी ह्यांचं नाव शिंकरे गुरुजी ठेवलं. नवे लोक ते आडनावच समजत. मुलीच्या लग्नपत्रिकेवरही छापणाऱ्याने 'शिंकरे परिवार' छापलं. जगात बायको नवऱ्याचं आडनाव लावते. आमच्याकडे नवरा जन्मभर माझ्या अकलेचं लावून फिरला.