तळ्याच्या रस्त्यावरची आमची मोटार

गाडी एकाच जागी उभी राहिली की तिच्याखाली पाला साचत जातो, तसे किस्सेही साचतात. आमची मोटार तळ्याच्या पाळीलगतच्या रस्त्यावर कित्येक दिवस उभी आहे. त्यामुळे आमच्याकडे दोन्ही भरपूर.

अप्पा शाळेत मास्तर. त्यांनी एका वकिलांची जुनी मोटार घेतली. ती आली त्या दिवशी चालत आली. तेवढंच. पुढं पेट्रोल महागलं आणि सगळं गाव हळहळलं. अप्पा जेवताना म्हणाले, "बघा, आपला किती खर्चा वाचला!"

आईनं भाकरी जरा जोरातच वाढली.

*

मोटारीचा खरा उपयोग मला. घरात पुढच्या खोलीत अप्पांची शिकवणी, मागच्या खोलीत आईचं शिवणयंत्र आणि बहिणींची भांडणं. मी दहावीला आहे. मागच्या सीटवर बसून अभ्यास करते. ऊन लागू नये म्हणून मागच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. बाहेरून काही दिसत नाही. ही सोय फार चांगली, कारण कुणी काही विचारलं तर मला उत्तर दुसऱ्या दिवशी सुचतं.

*

बाजारच्या दिवशी बदनापूरकडून किसनमामा बैलगाडीत भाजी आणतात. गाडी सोडली की बैल आमच्या मोटारीच्या बंपरला बांधतात. शेणाला कंटाळून अप्पांनी नगरपालिकेत अर्ज दिला: तळ्याच्या रस्त्यावर गाड्या उभ्या करायला मनाई व्हावी. माझं अक्षर चांगलं म्हणून अर्ज मीच लिहिला. आपण काय लिहितोय, हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

किसनमामांना मात्र लगेच कळलं. ते म्हणाले, "गुर्जी, माही गाडी सांजंला जाती. तुमची कव्हा जाती?"

*

पालिकेच्या सभेत त्यावर बराच वाद झाला. अप्पा ऐकायला गेले होते. एक मेंबर म्हणाले, बाजारकऱ्यांनी मग थांबायचं कुठं? दुसरे म्हणाले, तळ्यावर फिरायला येणाऱ्यांनी चालायचं कुठून? शेवटी अध्यक्ष उठले.

"मनाई करायची तर सगळ्यांना बराबर. बैलगाडी, टांगा, मोटार, कुणाला सूट न्हाई."

सगळ्यांबरोबर अप्पांनीही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन चपला काढताना त्यांच्या लक्षात आलं.

*

ठरावाआधी मेंबर मंडळी पाहणीला आली. रस्ता कशानं अडतो ते नीट दिसावं म्हणून त्यांनी जीप अगदी तोंडाशी लावली. मग तासभर कुणालाच जाता-येता येईना.

एक मेंबर आमच्या मोटारीच्या काचेत बघून मिशा विंचरत उभे राहिले. वर्तमानपत्राच्या फाटक्या कोपऱ्यातून मी बघत होते. त्यांचं नाक माझ्या नाकासमोर. मी श्वास रोखून धरला. मिशीला शेवटचा पीळ बसेपर्यंत माझा सनावळ्यांचा धडा सगळा विसरून झाला.

*

ठराव मंजूर झाला. मोटार ओढून पालिकेच्या आवारात ठेवायची ठरली. ओढायला बैल किसनमामांचे. त्यांना बंपरची सवय होती.

बैल जुंपले तेव्हा मी आतच होते. आता बोलावं म्हणून वाक्य जुळवत राहिले, तोवर चाकं फिरली. पुढं स्टिअरिंगवर अप्पा बसले होते, ताठ मानेनं. सारी आळी मागून चालत होती. मी सीटवर आडवी झाले आणि पुस्तक तोंडावर धरलं. परीक्षा तोंडावर आली होती आणि माझी जागाच वरातीनं निघाली होती.

आवारात अध्यक्षांनी मागचं दार उघडलं.

"कोण गं तू? इथं काय करून राह्यली?"

अप्पांनी वळून पाहिलं आणि पाहतच राहिले.

"अभ्यास," मी म्हटलं.

"कशाचा?"

मी पुस्तक पुढं केलं. नागरिकशास्त्राचं होतं. धडा नगरपालिकेच्या कामांचा: रस्ते, दिवाबत्ती, मुलांच्या शिक्षणाची सोय. अध्यक्षांनी उभ्यानंच ते पान वाचलं. उलटून मागचंही वाचलं. मग पुस्तक माझ्या हातात देऊन दार हळूच लावलं.

"मामा," ते म्हणाले, "बैलं वळवा."